गालातला श्वास

"फुंका! फुंका, फुंका, फुंका... अजून, अजून, सोडू नका काका, थोडंच राहिलं..."

मशीनवरची बाई अशी ओरडत होती की बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटावं, आत कुणी बाळंत होतंय. मिस्त्रींच्या नाकाला चिमटा लावलेला, तोंडात पुठ्ठ्याची नळी. डोळे बाहेर आले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि पडद्यावरची रेघ मात्र थोडीशी वर चढून, दमलेल्या म्हाताऱ्यासारखी तिथेच बसली होती.

बाईने चिमटा काढला. "काका, परत गाल फुगवलेत तुम्ही."

"फुगवले... नाहीत हो. सवयीचे आहेत. आपोआप... फुगतात."

"मला गालातली हवा नकोय. छातीतली द्या."

"छातीत असती... तर दिली नसती का? आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बाई हसली. तीन महिन्यांपूर्वी, पहिल्या तपासणीच्या वेळी, ती हसली नव्हती. तेव्हा मिस्त्रींनी नळी तोंडात धरली आणि काचेला देतात तशी फुंक दिली होती. हळू, सारखी, न थरथरता. तसली रेघ बाईने जन्मात पाहिली नव्हती. मशीन बिघडली म्हणून तिने दुसऱ्या बाईला बोलावलं होतं. मग मिस्त्रींनी सांगितलं की आपण काच फुंकतो. प्रयोगशाळेत लागतात ती गोल बुडाची भांडी, वाकड्या नळ्या, नळीच्या पोटातल्या नळ्या, सगळं हातानं आणि तोंडानं. पन्नास वर्षं झाली.

काच फुंकणारा माणूस छातीने फुंकत नाही. छातीचा श्वास आडदांड असतो, पातळ झालेली काच तो फाडून टाकतो. म्हणून हवा आधी गालात भरून घ्यायची. गाल दाबत दाबत ती काचेत सोडायची आणि त्याच वेळी नाकाने पुढचा श्वास आत घ्यायचा. गाल म्हणजे पिशवी. पिशवी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढीच कला. मिस्त्रींची पिशवी कधी रिकामी झाली नाही. त्यामुळेच आतली छाती किती वर्षांपासून रिकामी होत चालली होती ते कुणाला कळलं नाही. त्यांनाही नाही. जिना चढताना धाप लागायची तेव्हा ते म्हणायचे, वय झालं. पण स्टुलावर बसले की हात आणि गाल तरण्याताठ्यासारखे चालायचे.

डॉक्टरांच्या खोलीत बायको त्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीत औषधाचा पंप, पाण्याची बाटली आणि एक घडी केलेला रुमाल होता, जणू लांबच्या प्रवासाला निघाली होती.

"सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्र्याण्णव दिवस झाले."

"चौऱ्याण्णव," बायको म्हणाली. "आजचा धरला नाही त्यांनी."

"एकही नाही?"

"एकही नाही. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही यांना. शेगडीवर पेटवायची सवय. आगपेटी म्हणून घरात कधी आणली नाही या माणसानं."

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मिस्त्रींना कागदावरचं कळत नव्हतं, पण डॉक्टरांचं बोट कळत होतं. ते बोट पहिल्या कागदावर थांबलं, दुसऱ्यावर थांबलं आणि परत पहिल्यावर गेलं. चांगली बातमी असली की बोट असं मागे फिरत नाही.

"फुफ्फुसांची ताकद पहिल्यांदा छत्तीस टक्के होती. आज पस्तीस."

खोलीत पंखा फिरत होता. बायकोने आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"उलटं वाचलं नाही ना?" ती म्हणाली. "सोडली ना त्यांनी."

"सोडली ते फार चांगलं केलं, काकू. नसती सोडली तर याहून वेगानं घसरलं असतं. आता घसरण हळू होईल."

"हळू होईल," मिस्त्री म्हणाले. "पण घसरणच."

"गेलेलं परत येत नाही, काका."

मिस्त्रींनी टेबलाच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडं भांडं तडकून आलं ना, की मी तेवढीच जागा तापवतो, मऊ करतो, सांधतो. मग भट्टीत हळूहळू निववतो. कुठं तडकलं होतं ते मालकालासुद्धा सापडत नाही. फुफ्फुसाचं असं काही..."

"नाही," डॉक्टर म्हणाले. हा माणूस गोड बोलत नाही म्हणून मिस्त्रींना तो आवडायचा. आज पहिल्यांदा वाटलं, थोडं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

"आणि सोमवारी कामावर जायचं म्हणत होतो."

"कसलं काम असतं नक्की? बसून?"

"बसूनच. फुंकायचं."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मिस्त्रींच्या बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र काढलं, त्यावरचा आकडा लिहिला आणि म्हणाले, "सत्त्याऐंशी. पुढच्या महिन्यात परत बघू. असाच राहिला तर घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल. आणि ते चालू असताना जवळपास ज्योत नको. कुठलीच."

मिस्त्रींना हसू आलं. हसू आलं की खोकला येतो, तो आला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "माझ्या स्टुलाशेजारी पन्नास वर्षं ऑक्सिजनचा सिलिंडर उभा आहे. बर्नरला लागतो. काचेला पाजला इतकी वर्षं. म्हटलं नाही कधी, एक घोट मला दे."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या वळणावर बायकोने स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची आणून ठेवली होती. शेजारी तिला मिस्त्रींचं स्टेशन म्हणत. अकरा पायऱ्या चढून मिस्त्री त्या स्टेशनात येऊन बसले आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने हे शिकवलं होतं. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती हलवायची, अशी फुंक. तिला काय माहीत, कुणाला फुंक शिकवतेय.

"नका जाऊ सोमवारी," बायको कठड्याला टेकून म्हणाली.

"मालकीणबाईंनी... स्टूल ठेवलंय. म्हणाल्या, तीन महिने... सोडून दाखवा... आणि या."

"त्यांनी ठेवलं, पण डॉक्टर नको म्हणाले."

"डॉक्टर म्हणाले. काच... अजून म्हणाली नाही. तिला... विचारून येतो."

बायकोने वाद घातला नाही. चौऱ्याण्णव दिवस तिने या माणसाला पाहिलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याने भिंतीला डोकं टेकून तासन् तास काढले होते. तिसऱ्या आठवड्यात पोहे करपले म्हणून नाही तर करपले नाहीत म्हणून भांडण काढलं होतं. मग एक दिवस त्याने खिशातून आपली तोटी काढली आणि दातात धरली. तोटी म्हणजे बोटभर लांबीची काचेची नळी. तिच्यामागे रबरी नळी जोडायची आणि रबरी नळीचं दुसरं टोक भांड्याला. म्हणजे हात ज्योतीत आणि तोंड मोकळं. ज्याची तोटी त्याची. दुसऱ्याच्या तोटीला कुणी तोंड लावत नाही. ती रिकामी तोटी ओढत ओढत त्याने सिगारेट सोडली. रात्री उशाशी ठेवायचा, सकाळी धुऊन परत दातात. बायको म्हणायची, लेकराला चोखणी आणि याला ही. आणि एवढं सगळं त्याने कशासाठी केलं होतं? त्या स्टुलासाठी. मरणाच्या भीतीने त्याने कधी काही सोडलं नव्हतं.

"बरं जाताच आहात तर माझ्या भावाला तेवढं सांगा," ती म्हणाली. "काल फोनवर खोकत होता. तुमच्यासारखाच. आधी कोरडा, मग तो शिट्टी वाजल्यासारखा. घरात आमच्याकडं कुणी ओढत नव्हतं हो. कुणी लावली याला कोण जाणे."

मिस्त्रींनी ओठांचा चंबू केला आणि श्वास सोडत राहिले. धाप लागलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. या दुखण्याचा तेवढाच एक फायदा होता.

कुणी लावली ते त्यांना माहीत होतं.

मिस्त्री स्वतः सोळा वर्षांचे असताना कारखान्यातल्या सर्वांत जुन्या कारागिराकडे, थोरल्या मिस्त्रींकडे, कामाला लागले. थोरल्या मिस्त्रींचं म्हणणं असं, की हात कसा फिरवायचा ते दाखवता येतं, फुंक दाखवता येत नाही, कारण ती दिसत नाही. दिसतो तो धूर. म्हणून ते शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सिगारेट द्यायचे. झुरका घ्यायचा, धूर गालात धरायचा आणि काचेच्या लांब नळीतून सोडायचा. धूर धक्क्याधक्क्याने गेला तर फुंक कच्ची. नळीच्या त्या टोकातून दोरीसारखा सरळ, एका जाडीचा बाहेर पडला की माणूस तयार. मिस्त्री पंधरा दिवसांत तयार झाले. वर थोरले मिस्त्री असंही म्हणायचे की धुराने छाती रुंद होते. त्या कारखान्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आग गरम असते हे माहीत असतं तशी. पुढे बायकोचा भाऊ कामाला लागला तेव्हा मिस्त्रींनी त्याला समोर बसवलं आणि स्वतःच्या पाकिटातली पहिली सिगारेट स्वतःच्या बर्नरवर पेटवून दिली. मेहुणा खोकला, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले. तोही पंधरा दिवसांत तयार झाला. बायकोला हे कधी कुणी सांगितलं नाही.

सोमवारी मिस्त्री रिक्षातून उतरले तेव्हा मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता. काच फुंकता येत नव्हती, पण भांडं उजेडाकडे धरून कुणाच्या तोंडचं ते त्या सांगायच्या.

"वाळलात हो," त्या म्हणाल्या.

"धूर कमी झाला... त्यामुळं नीट दिसतोय."

स्टूल खरंच तिथेच होतं. शेजारच्या स्टुलावर मेहुणा. डोळ्यांवर कामाचा गुलाबी काचांचा चष्मा, कानाला सिगारेट खोचलेली. पन्नाशीचा झाला होता. त्याने उठून मिस्त्रींसाठी बर्नर पेटवला, आधी गॅस, मग ऑक्सिजन, ज्योत पिवळ्याची निळी केली.

"या दाजी. तुमच्यावाचून ज्योतसुद्धा रुसली होती."

"ज्योत नाही रुसत. तिच्या... नाकातला कचरा काढावा लागतो."

"बघा! आल्या आल्या खोट काढली. आता बरं वाटलं."

मिस्त्री बसले. चष्मा लावला. खिशातून तोटी काढून रबरी नळीला जोडली आणि दातात धरली. कठीण काम त्यांनी मागितलंच नाही. गोल बुडाचं साधं भांडं, मुठीएवढं. शिकाऊ माणूस पहिल्या वर्षात करतो ते. काचेच्या नळीचं टोक ज्योतीत धरलं, फिरवायला लागले. हात विसरले नव्हते. काच तांबडी झाली, मग नारिंगी, मग ती मधासारखी जड होऊन फिरू लागली. कडेच्या स्टुलांवरची माणसं आपलं काम करत होती, म्हणजे करत असल्याचं दाखवत होती.

मिस्त्रींनी काच ज्योतीबाहेर काढली, गाल भरले आणि फुंकलं. गोळा फुगला. सुपारीएवढा झाला, लिंबाएवढा झाला. आता नाकाने श्वास घ्यायचा होता, पिशवी भरायची होती. त्यांनी नाकाने ओढलं. आत काही गेलं नाही. जुनी हवाच बाहेर पडली नव्हती, नवी कुठे जाणार? गाल रिकामे झाले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपले गाल दातांना टेकलेले जाणवले. हात थांबले नाहीत, पण मंदावले, आणि काचेला तेवढं पुरलं. लिंबू एका अंगाला कलंडलं, खाली ओघळलं आणि तसंच गोठलं. हातात घेतलेल्या पाण्याच्या पिशवीसारखं.

मग खोलीतली सगळी हवा कुणीतरी उचलून नेली. मेहुण्याने त्यांच्या हातातली काच काढून घेतली, खिशातला पंप शोधला, तोंडाला लावला. "दाजी, ओढा. ओढा. आता सोडा हळू. मेणबत्ती, मेणबत्ती. ताईनं सांगितलंय मला. हं." मालकीणबाई पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीतली उन्हाची पट्टी एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेली होती.

श्वास परत आला तेव्हा मिस्त्रींनी ते ओघळलेलं भांडं मागून घेतलं. उजेडाकडे धरून पाहिलं.

"हे कुणाच्या तोंडचं, बाई?"

मालकीणबाईंनी मान फिरवली. "जाऊ दे ना. आज पहिला दिवस. बसा महिनाभर नुसते, सवय होईल."

"सवय कशाची?" मिस्त्री म्हणाले. "बरणी आणा."

कुणी हललं नाही. मग मालकीणबाई स्वतःच आत गेल्या आणि काचेची बरणी घेऊन आल्या. तिच्यात चार तोट्या होत्या. कारखान्याची ही जुनी रीत. स्टुलावरून कायमचा उठणारा माणूस स्वतःची तोटी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ज्योतीवर बंद करतो, म्हणजे पुन्हा तिच्यातून कुणाची फुंक जात नाही. त्याच्यासाठी दुसरं कुणी हे करत नाही. थोरल्या मिस्त्रींची तोटी बंद होती. आणखी दोघांची बंद होती. चौथी उघडीच होती, ती मालकांची. ते कामावरून दवाखान्यात गेले आणि तिकडूनच गेले.

मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "दाजी, कशाला घाई? पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात... घरी ऑक्सिजन येणार. मग ज्योतीजवळ बसू देणार नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "तू सोड रे ती. कानाची काढ आणि फेकून दे. तुझ्या ताईनं निरोप दिलाय."

मेहुण्याचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. "राग मानू नका दाजी. तुम्ही सोडली. काय मिळालं?"

प्रश्न खवचट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मिस्त्रींनी शोधून पाहिलं. छत्तीसचे पस्तीस. अकरा पायऱ्या. एक ओघळलेलं भांडं. बैल गेला आणि झोपा केला, हे काही मेहुण्याला सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण त्याचा बैल अजून दाव्याला होता, आणि ते दावं कुणी बांधलं तेही दोघांना ठाऊक होतं.

"तुझ्या ताईला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "पहिली मी दिली ते."

"त्यात काय सांगायचं? तुम्ही काम शिकवलंत."

मिस्त्रींनी रबरी नळी सोडवली. तोटी पाण्याने धुतली, रुमालाने पुसली. तिच्यावर दातांनी घासून पडलेले ओरखडे होते, आणि त्यांतले या तीन महिन्यांचे ओरखडे पन्नास वर्षांच्या ओरखड्यांहून ठळक होते. चिमट्यात धरून त्यांनी ती ज्योतीत नेली आणि फिरवायला लागले. हे काम फुंकेशिवायचं. हात एकटे करतात. कड लाल झाली, आत वळली, भोक बारीक होत होत टाचणीच्या टोकाएवढं राहिलं आणि मिटलं. टोक गोल झालं, थेंबासारखं. कुठे गाठ नाही, कुठे वळी नाही. निवल्यावर मालकीणबाईंनी तोटी उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवून पाहिली. मग बरणीत ठेवली. काचेवर काच वाजली.

मिस्त्रींनी आधी ऑक्सिजन बंद केला, मग गॅस. ज्योत टप्प करून विझली. चष्मा घडी करून स्टुलावर ठेवला आणि भिंतीचा आधार घेत ते दाराकडे निघाले. सात पावलं, थांबणं. सात पावलं, थांबणं. रिक्षावाला बाहेर थांबलेला होता.

दाराच्या चौकटीला हात टेकून त्यांनी मागे पाहिलं. मेहुणा आपल्या स्टुलावर बसला होता. कानाची सिगारेट त्याच्या ओठांत होती आणि तो स्वतःच्या बर्नरवर वाकला होता. पेटल्यावर त्याने डोळे मिटून एक झुरका घेतला, थोडा वेळ गालात धरला आणि सोडला.

धूर दोरीसारखा निघाला. सरळ, एका जाडीचा, खिडकीपर्यंत. मध्ये कुठेच तुटला नाही.